तळमजल्यावरचा जिना

दिघी
रविवार, ८ जून २०२५

धनेश यास,

अनेक आशीर्वाद. अनेक लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात एकच आहे, आणि तोही तुझी ताई शेजारी उभी राहून वाचते आहे म्हणून.

आपल्यात अबोला आहे हे मी विसरलेलो नाही. पंधरा महिने तो मी निगुतीने सांभाळला आहे. पण काल वर्षालीने फर्मान काढलं, "बोलायचं न्हाई ना तुमाला माझ्या भावाशी? नका बोलू. मग लिहा. ह्याचं त्याला आन् त्याचं ह्याला सांगून माझ्या तोंडाला फेस आला." तेव्हा यापुढे ती दर रविवारी दापोडीला आईकडे येईल तेव्हा माझं पत्र आणेल आणि तुझं उत्तर घेऊन जाईल. बोलणं नाही, फक्त लिहिणं. अबोल्याला कुठे धक्का लागत नाही.

पत्राचा विषय माझा उजवा पाय. तुला आठवत असेल, तू तो फार जवळून पाहिला आहेस.

तरी उजळणी करतो. मागच्या वर्षी सात मार्चला कंपनीत सुरक्षा सप्ताहानिमित्त कबड्डीचा सामना होता, मेंटेनन्स विरुद्ध पेंट शॉप. कामगारांच्या मनावर सुरक्षेचं महत्त्व ठसवण्यासाठी कबड्डी ठेवावी, ही ज्याची कल्पना असेल त्याचा सत्कार व्हायला हवा. मी चव्वेचाळिसाव्या वर्षी चढाईला आलो आणि तू, माझा सख्खा मेहुणा, कोपऱ्यातून झेपावून माझा घोटा धरलास. गुडघा निखळला. त्या सप्ताहात कंपनीत एकच अपघात झाला आणि तो सुरक्षा सप्ताहामुळे झाला.

पुढचा भाग तुझ्या सहीचा आहे. गेटवरच्या बोर्डावर 'अपघाताविना दिवस' सहाशे आठ झाले होते. ते शून्यावर येऊ नयेत म्हणून सेफ्टी ऑफिसर उद्धवरावांनी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात कागद केला, की सयाजी घरच्या जिन्यावरून पडले. मी इंजेक्शनच्या गुंगीत सही केली. तू चांगला शुद्धीत होतास, तू साक्षीदार म्हणून केलीस. धनेश, मी तळमजल्यावर राहतो. घरमालकांचा जिना मागच्या गल्लीतून आहे. त्या जिन्यावर मी काय करत होतो हे आजवर कोणी विचारलं नाही. मालकीणबाई पासष्टच्या आहेत म्हणून बरं, नाहीतर वर्षालीने विचारलं असतं.

गुडघा पुढे जागेवर बसला. गेली ती नस. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने हाडाला वळसा घालून एक नस खाली जाते. पाय वर उचलायचा हुकूम तिच्यातून जातो. ती ताणली गेली आणि हुकूम बंद झाले. चवडा लोंबतो, चालताना जमिनीला अडतो, म्हणून दर पावलाला गुडघा उंच उचलावा लागतो. कोरड्या सिमेंटवर मी चिखल तुडवल्यासारखा चालतो. मेंटेनन्सचं काम गेलं, शिडी गेली. कंपनीने बसून काम दिलं, सेफ्टी बूट वाटायची खिडकी. एप्रिलमध्ये बोर्डावर हजार दिवस पूर्ण झाले तेव्हा उद्धवरावांनी मला त्या खिडकीत पेढा आणून दिला. मी खाल्ला. चांगला होता.

आता डॉक्टर मॅडम म्हणतात, नस परत येणार नाही, पुरेशी वाट पाहिली. घोट्याच्या आतल्या बाजूचा एक स्नायू धडधाकट आहे. त्याची दोरी खालून सोडवायची, नडगीच्या दोन हाडांमधून पुढे ओढायची आणि पावलाच्या वरच्या अंगाला नेऊन बसवायची. मग तो पाय उचलेल. मी नाही म्हणून आलो. बावीस वर्षं मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली, चालू मशीनचा पार्ट काढून बंद मशीनला लावायचा नाही. एक बंद असतं, दोन होतात.

वर्षाली सांगते की ऑपरेशन करून घ्या म्हणून तू तिच्या मागे लागला आहेस. माझ्या पायासाठी तू पुष्कळ केलं आहेस. आता विश्रांती घे.

तुझा (इलाज नाही म्हणून)
दाजी

*

दापोडी
१५ जून २०२५

ती. दाजी यांस,

साष्टांग नमस्कार. साष्टांगात पायही येतो, त्यामुळे लिहिताना जरा बिचकलो.

जिन्याचं तुमचं खरं आहे. उद्धवराव म्हणाले, "घरचाच माणूस आहेस, एक सही कर, विषय संपेल." मी घाबरलेलो होतो, केली. तुम्ही तळमजल्यावर राहता हे मला घरी आल्यावर आठवलं. सहा वर्षं तुमच्याकडे जेवायला येऊन हे आठवू नये, यावर जे बोलायचं ते मी स्वतःला बोलून झालो आहे.

ऑपरेशनचं म्हणाल तर मी फक्त ताईच्या मागे लागलेलो नाही. सुट्टी टाकून, तुमच्या फाइलची झेरॉक्स घेऊन डॉक्टर मॅडमना एकटा भेटून आलो. त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला चित्र काढून दाखवलं, तो कागद ताईकडे दिला आहे. म्हणाल्या, आतल्या बाजूला तो एकटाच कामाला नाही, बाकीचे सांभाळून घेतात. पुढे उचलायला मात्र एकही नाही. त्या असंही म्हणाल्या की उशीर केला तर पाऊल खालीच आखडून बसेल, मग नुसती दोरी बदलून भागणार नाही.

आता तुमच्या पहिल्या दिवशीच्या शिकवणीबद्दल. तीन वर्षांपूर्वी पेंट शॉपचा पंप बसला होता, स्पेअर मिळत नव्हता. तुम्ही शेजारच्या लाइनवरच्या चालू पंपाची मोटर काढून आणलीत, एका तासात बसवलीत आणि मला म्हणालात, "भावा, हे कुणाला बोलायचं न्हाई." मी बोललो नाही. ती मोटर अजून चालते. ज्या पंपाची काढली तोही काही मेला नाही. तेव्हा नियम कुठे गेला होता, दाजी?

तुम्हाला मी रोज त्या खिडकीत बघतो. मला सात नंबरचा बूट लागतो. मागच्या महिन्यात तुम्ही एक शब्द न काढता आठ नंबर सरकवलात. बदलून मागायचा तर बोलावं लागलं असतं, म्हणून मी आठ नंबर घालून फिरतोय. चालताना फटक फटक वाजतो. अख्खं पेंट शॉप हसतं. डिसेंबरमध्ये कंपनीचे डॉक्टर तुमची तपासणी करणार आहेत. पाय असाच राहिला तर ते तुम्हाला कायमचं खिडकीत बसवतील. मला तुमचा पाय परत हवाय. तुमच्यासाठी नको असेल तर माझ्यासाठी म्हणा.

आपला
धनेश

*

दिघी
२९ जून २०२५

धनेश यास,

आशीर्वाद.

ती मोटर म्हणजे आणीबाणी होती. तुझी स्मरणशक्ती फार चांगली आहे, फक्त माणूस कितव्या मजल्यावर राहतो ते तिच्यात राहत नाही.

तरी मी डॉक्टर मॅडमकडे परत गेलो. तू सांगितलंस म्हणून नाही, त्या कॅलेंडरचा कागद वर्षालीने देवघराशेजारी चिकटवला आहे म्हणून. येता-जाता माझीच नडगी मला दिसते. सोळा जुलैला ऑपरेशन ठरलं. तोवर स्वरूपा नावाची फिजिओथेरपिस्ट त्या चांगल्या स्नायूकडून व्यायाम करून घेते. पाऊल आत वळवा, सोडा, आत वळवा, सोडा. बदली करायच्या आधी माणसाला ट्रेनिंग देतात तसं. भीती वगैरे काही नाही. फक्त सकाळी उठलो की त्या स्नायूकडे बघतो. बिचारा मन लावून काम करतो आहे आणि त्याला काही माहीत नाही.

मात्र एक स्पष्ट लिहितो. तुला माझा पाय नको आहे, तुला तुझं ओझं उतरवायचं आहे. उतरव, पण माझ्या पायावर नको. उद्धवरावांकडे जा आणि तो कागद दुरुस्त करून आण. युनियनवाले म्हणतात, इजा कंपनीच्या मैदानावर झाली अशी नोंद असेल तर डिसेंबरमध्ये माझ्या मूळ कामाचा विचार करावाच लागेल. घरच्या जिन्यावरून पडलेल्या माणसाला कोणी शिडीवर परत चढवत नाही. पाय सुधारला तरी नाही.

तेवढं कर. मग आपण तुझ्या काळजीबद्दल बोलू. म्हणजे लिहू.

दाजी

*

दापोडी
१३ जुलै २०२५

ती. दाजी यांस,

नमस्कार.

बुधवारी तुमचं ऑपरेशन, आणि मी अजून उद्धवरावांकडे गेलेलो नाही. दोनदा त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो. एकदा ते जेवत होते. एकदा ते मोकळे होते, म्हणून परत आलो.

कारण लिहितो. मी सहीला घाबरत नाही. कागद बदलला की ते विचारणार, मग झालं कसं? आणि मला सांगावं लागणार. दाजी, शिट्टी झाली होती. तुमचा पाय कडेच्या रेषेबाहेर पडला आणि पंचांनी शिट्टी मारली. मी ऐकली. तरी मी घोटा सोडला नाही. सामन्याच्या आदल्या दिवशी तुम्ही कँटीनमध्ये माझ्या मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाची नक्कल केली होती, पोहे सांडल्याची. सगळे टेबल बडवून हसले. तो राग माझ्या हातात होता. शिट्टीनंतर मी तुमचा पाय ओढला आणि जो आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो.

सव्वा वर्ष हे कुणाला सांगितलं नाही. ताईलाही नाही. तुम्ही अबोला धरलात तेव्हा मला वाटलं, तुम्हाला कळलेलं आहे.

ऑपरेशन नीट होऊ दे. त्यानंतर हवं ते लिहा.

धनेश

*

दिघी
३ ऑगस्ट २०२५

धनेश,

ह्यांना सोडून येता येत नाही म्हणून हे टपालाने पाठवते. ऑपरेशन चांगलं झालं. गुडघ्याच्या खाली प्लास्टर आहे, अजून तीन आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही. ऑपरेशनच्या दिवशी तू हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये दिवसभर झाडाखाली बसला होतास ते मला वरून दिसलं. भाकरी पाठवली होती वॉचमनकडे, ती खाल्लीस का त्यानेच खाल्ली?

तुझं पत्र ह्यांनी चार वेळा वाचलं. उत्तर लिहायला तीनदा बसले, तीनदा कागद फाडला. मी विचारलं तर म्हणाले, "पेन चालत नाही." पेन चालतं, त्याच पेनने मी हे लिहिते आहे. तू काय लिहिलंस रे असं? एवढा बोलका माणूस, प्लास्टर पायाला घातलं आणि तोंड बंद झालं.

ताई

*

दापोडी
२४ ऑगस्ट २०२५

ती. दाजी यांस,

नमस्कार. तुमचं उत्तर आलं नाही, येईल असं वाटलंही नव्हतं. तरी कळवणं माझं काम आहे.

सोमवारी उद्धवरावांकडे गेलो. सगळं सांगितलं. ते आधी पाणी प्याले. मग म्हणाले, "अरे भावा, बोर्डावर अकराशे सदतीस आहेत. तुला आत्ताच आठवायचं होतं?" मी म्हटलं, आठवत होतंच, सांगायचं होतं. त्यांनी दार लावून घेतलं, मग मॅनेजर साहेबांना बोलावलं, मग युनियनवाल्यांना मी बोलावलं.

पुढे तीन दिवस मीटिंग चालली. तुमच्या पायावर नाही, बोर्डावर. एका गटाचं म्हणणं, शून्य लावा. दुसऱ्याचं म्हणणं, अपघात मागच्या मार्चमधला आहे, तेव्हापासूनचे दिवस तर निर्विवाद आपले आहेत, ते का सोडायचे? बुधवारी संध्याकाळी पाचशे एकतीस लावायचं ठरलं. हजार दिवसांच्या कार्यक्रमाचा फोटो रिसेप्शनमधून काढला, तिथे आता कुंडी आहे. पेढे कुणी परत मागितले नाहीत.

तुमची नोंद दुरुस्त झाली आहे. इजा कंपनीच्या मैदानावर, कंपनीच्या कार्यक्रमात. युनियनने झेरॉक्स घेतली आहे, सोबत एक ठेवतो. उद्धवरावांनी लिहून दिलं की आम्हाला चुकीची माहिती देण्यात आली होती. म्हणजे कागद त्यांनीच केला आणि फसवले गेलेही तेच. मला दोन लेखी ताकिदी मिळाल्या, एक खोट्या साक्षीबद्दल आणि एक शिट्टीनंतर खेळाडूला ओढल्याबद्दल. कंपनीच्या कुठल्याही खेळात यापुढे बंदी. पेंट शॉपमध्ये सध्या माझ्याशी कुणी बोलत नाही, हजार दिवसांबद्दल मिळणारं दिवाळीचं बक्षीस बुडालं म्हणून. मला सवय आहे, घरचा सराव आहे.

परवा प्लास्टर निघणार असं ताईने सांगितलं. पाय उचलला की फक्त तेवढं कळवा.

धनेश

*

दिघी
७ सप्टेंबर २०२५

धनेश,

गणपती बसायच्या आदल्या दिवशी प्लास्टर काढलं. पोटरी वाळून काकडीएवढी झाली आहे. पाय उचललेला नाही.

स्वरूपा रोज येते. मी म्हणतो उचल, पाय ऐकत नाही. ती म्हणते, "काका, उचलू नका. आत वळवा. त्या स्नायूला अजून तेवढंच येतं." म्हणजे बदली झालेल्या माणसाला त्याच्या जुन्या खात्याच्या नावाने हाक मारायची, आणि तो नव्या जागेवरून ओ देणार. मी आत वळवतो, काही होत नाही. मी उचलतो, तरी काही होत नाही. बारा दिवस झाले. माझ्या शिकवणीप्रमाणे आता दोन मशीन बंद आहेत. रात्री झोप लागत नाही, आणि हे मी वर्षालीला सांगितलेलं नाही.

आता तुझ्या पत्रांबद्दल. मला हे आधीच लिहायला हवं होतं.

शिट्टी मीही ऐकली होती. तुझ्याआधी ऐकली असेल, कारण रेषेबाहेर पडलेला पाय माझाच होता आणि तो पडला हे मला कळलं होतं. मी बाद होतो. गप उभं राहायचं होतं. पण कडेला नवी ट्रेनी पोरं ओरडत होती, "काका, बास झालं, बसा आता." मला त्यांना दाखवायचं होतं की काका अजून मध्यरेषा गाठतात. तू घोटा धरला होतास हे खरं. पण शिट्टी झाली तशी तुझी बोटं ढिली पडली. मला ती ढिली पडलेली कळली, धनेश. कळली म्हणूनच मी झेप घेतली. अर्धं अंग वळलं, पाऊल अजून तुझ्या हातात होतं, आणि गुडघा मी माझ्या वजनाने मोडला. तू ओढलं नाहीस. तू सोडत होतास.

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. अबोला मी रागाने धरला नव्हता. तुझ्याशी बोललो असतो तर हे बोलावं लागलं असतं. तू मान खाली घालून फिरत होतास ते मला दिसत होतं, आणि मला ते सोयीचं होतं. पायाला कोणीतरी कारण लागतं, आणि ते कारण मी नाही हे रोज तुझ्याकडे बघून पटत होतं. तुझं जुलैचं पत्र वाचलं तेव्हा लाज वाटली. लिहायचा धीर झाला नाही. ऑगस्टचं वाचलं तेव्हा कळलं की माझ्या गप्प बसण्यापायी तू न केलेल्या गोष्टीची ताकीद घेऊन बसलास.

मी कंपनीला पत्र दिलं आहे. जे इथे लिहिलं तेच. तुझी दुसरी ताकीद मागे घेतील. पहिली नाही, जिना तुझाच आहे.

माझं चुकलं. 

सयाजी

*

दापोडी
१४ सप्टेंबर २०२५

दाजी,

पत्र वाचलं.

दीड वर्ष मला वाटत होतं की मी माझ्या बहिणीच्या नवऱ्याला लंगडं केलं. आईसमोर मी नीट जेवलो नाही. दोन स्थळं आली, मी नाही म्हणालो, कारण ज्याच्या हाताने घरच्या माणसाचा पाय मोडला त्याने लग्नाच्या अक्षता कुठल्या तोंडाने घ्यायच्या, असं डोक्यात होतं. आणि तुम्ही ते बघत होता. खिडकीतून. सोयीचं होतं म्हणता.

आतापर्यंतचा अबोला तुमचा होता. आजपासूनचा माझा. पत्रंही नकोत.

व्यायाम सोडू नका. हे ताईसाठी लिहितोय.

धनेश

*

दिघी
१२ ऑक्टोबर २०२५

धनेश,

पत्र नको म्हणालास, तरी लिहितो. तू चारी बाजूंनी बरोबर आहेस. वर्षालीलाही मी सगळं सांगितलं. तिने तीन दिवस स्वयंपाक केला पण वाढला नाही. माझं ताट ओट्यावर, मी जाऊन घ्यायचं. घ्यायला जाताना पाय घासायचा, ती ऐकायची आणि वळून बघायची नाही.

हे पत्र माफीसाठी नाही. तू लिहिलं होतंस, पाय उचलला की कळवा. ते तेवढं मागे घेतलेलं नाहीस, असं मी धरून चाललो आहे.

काल वर्षालीने मिक्सरचं भांडं माझ्यासमोर आपटलं. "भाजणी दळून झालीया, चटणी करायची हाय, पातं फिरंना झालंय. बसून हायत तर एवढं तरी करा." मी जमिनीवर पाय पसरून बसलो, भांडं उपडं करून दोन्ही तळव्यांच्या मध्ये दाबून धरलं आणि खालचा नट पान्याने सोडवायला लागलो. गावाकडे वस्तू आवळून धरायला व्हाइस कुठला होता, मी लहानपणापासून जॉब असाच पायात धरायला शिकलो. डोक्यात फक्त नट होता. पायांना काय सांगायचं हे माझ्या मनातही नव्हतं.

भांडं निसटलं. गडगडत जाऊन फ्रिजला आपटलं, काठाला पोचा आला. वर्षाली ओरडली, "धरता बी येईना का आता?" मी परत धरलं. परत निसटलं. तिसऱ्यांदा मी खाली बघितलं. डावा तळवा आत दाबत होता. उजवा आत दाबायला गेला की चवडा वर जात होता, अंगठ्यासकट, आणि त्या फटीतून भांडं निसटत होतं. जो आत वळवायचा तो आता उचलत होता. धरता येत नव्हतं ते त्यामुळे.

मी वर्षालीला हाक मारली नाही. ती चिडून भांडं उचलायला आली आणि तिने पाय बघितला. मग खाली बसली. म्हणाली, "परत करा." मी परत केलं. मग बराच वेळ आम्ही दोघं त्या पायाकडे बघत बसलो, चटणी राहिली.

आज स्वरूपाला दाखवलं. न विचारता भांडं दाबलं म्हणून आधी झापलं, मग स्वतःच्या मोबाइलवर व्हिडिओ काढला. म्हणाली, चालता येईल, शिडीही चढता येईल, पळणं मात्र विसरा. मी म्हटलं, पळायचा हट्ट केला म्हणूनच इथे आलो आहे, बाई.

काल पाय पहिल्यांदा वर गेला तेव्हा मी फोन हातात घेतला होता. तुझं नाव काढलं आणि ठेवून दिला. तुझा अबोला आहे, तो मी मोडायचा नाही. पण पहिल्यांदा तुलाच सांगावंसं वाटलं.

सयाजी

*

दापोडी
१९ ऑक्टोबर २०२५

ती. दाजी यांस,

नमस्कार.

शुक्रवारी माझी सेकंड शिफ्ट होती. सकाळी बाहेर पडलो, भोसरीला उतरलो आणि तिथून दिघीला चालत आलो. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी जो पंक्चरवाला आहे त्याच्या टपरीमागे उभा राहिलो. काय करायला आलो होतो ते मला विचारू नका, पंक्चरवाल्याने विचारलं तेव्हाही सांगता आलं नाही.

तुम्ही दूध आणायला निघालात. हातात किटली होती. मी पायाकडेच बघत होतो. टाच आधी टेकली, मग चवडा. गुडघा उचलला नाहीत. पुढच्या पावलाला जरा चुकला, परत टाच. कोपऱ्यावर गटाराच्या झाकणाची कड आहे, तिथे तुम्ही थांबलात, खाली बघितलंत आणि पाय उचलून पलीकडे टाकलात. पंधरा-सोळा पावलं असतील. मला रडायला आलं. पंक्चरवाला म्हणाला, "डोळ्यात काही गेलं का, दादा?" मी हो म्हणालो. तुम्हाला हाक मारली नाही, कारण मारली असती तर तुमच्यासमोर रडलो असतो, आणि त्यावर तुम्ही कँटीनमध्ये दोन वर्षं नक्कल केली असती.

राग गेलेला नाही, हे स्पष्ट लिहितो. दीड वर्ष म्हणजे थोडं नाही. पण तुमच्यासारखं त्यावर बसून राहायला मला जमणार नाही. माझ्याच्याने होत नाही ते. घरी जायचं तर मोकळं जायचं, एवढंच मला येतं.

भाऊबीजेला, गुरुवारी, येतो. ताईसाठी साडी घेतली आहे. तुमच्यासाठी काय आणू ते कळवा. फोनवर सांगितलंत तरी चालेल.

धनेश